रोज पांडवलेणीला जातो, झाडंही लावतो. मग जंगलाचं नुकसान आमच्याकडून कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळ राहणारा एक ग्रुप रोज पहाटे पांडवलेणीच्या डोंगरावर जातो. पायऱ्यांवर गर्दी असते म्हणून मागच्या अंगाने चढतो. पावसाळ्यात झाडं लावतो, उन्हाळ्यात बाटल्यांनी त्यांना पाणी घालतो, जाता-येता मोरांना दाणे आणि कुत्र्यांना बिस्किटं टाकतो. यंदा वनरक्षकाने खड्डे खणायला मनाई केली, मागची वाटही बंद करायला सांगितली. ‘रात्री डेब्रिज (पाडकामाचा मलबा) टाकून जाणाऱ्या डंपरवाल्यांना कोणी अडवत नाही, आम्हाला मात्र अडवतात. आमच्या चालण्याने आणि झाडं लावण्याने असं काय बिघडतं?’ असं विचारलंय.

वनरक्षकाचं बरोबर आहे, आणि डंपरबद्दल तुमचंही बरोबर आहे. पण ही दोन नुकसानं वेगळ्या जातीची आहेत. डंपरने टाकलेला ढीग दिसतो, त्याचा फोटो निघतो, तक्रार होते, मनावर घेतलं तर तो उचलताही येतो. चांगल्या मनाने केलेलं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, मग त्याची तक्रार करणार कोण? नाशिकभोवतीच्या टेकड्यांवर गवतं-झाडं नोंदवायचं आणि उजाड झालेले उतार सावरायचं काम मी बरीच वर्षं करतोय. आज या डोंगरांना कुऱ्हाडीइतकाच त्रास हौसेचा आहे, हे माझं मत आधीच सांगून टाकतो.

आधी वाटेचं बघू, कारण सगळ्यांत कमी बोललं जातं ते याच विषयावर. पायऱ्या दगडी आहेत, त्यांच्यावरून रोज हजार माणसं गेली तरी डोंगराला फरक पडत नाही. मागच्या उतारावर मात्र मुरमावर वीतभर माती असते, काही ठिकाणी तेवढीही नसते. एवढ्याशा मातीवर गवत उभं आहे आणि गवताच्या मुळ्यांनीच ती माती धरून ठेवली आहे. रोज एकाच जागी पाय पडले की आधी गवत झिजतं, मग माती दाबली जाऊन कडक होते. एकदा स्वतः करून बघा. पावसाळा संपल्यावर बाटलीतलं पाणी आधी वाटेच्या बाजूच्या गवतात ओता, मग तेवढंच पाणी वाटेवर ओता. गवतात ते जिथल्या तिथे जिरतं. वाटेवर त्याची धार होते आणि उताराला लागते, जाताना रंग घेऊन जाते. तो रंग म्हणजे डोंगराची माती.

आता ही गोष्ट जुलैच्या पावसात, संपूर्ण वाटेच्या लांबीवर होते असं समजा. सरळ उताराने उतरणारी पायवाट म्हणजे पाण्याला आयता पाट. पहिल्या वर्षी ओघळ पडतो, दोन-तीन पावसाळ्यांत तो गुडघाभर होतो. मग त्यात पाय घसरतो म्हणून माणसं शेजारून चालायला लागतात आणि तिथे दुसरी वाट पडते. चढाला मध्येच कोणीतरी शॉर्टकट मारतो, तिसरी पडते. खालून बघितलं तर काही डोंगरांवर बोटं ओढल्यासारख्या लाल रेघा दिसतात, त्या अशाच झाल्यात. दोन्ही कडांच्या झाडांची मुळं उघडी पडतात. वाळक्या डिसेंबरात ही झाडं मेलेली वाटत नाहीत, पण एखाद्या वादळी वळवाच्या पावसात नेमकी तीच आडवी होतात.

जाता जाता कायद्याचं. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून 100 मीटरचा पट्टा बांधकामासाठी प्रतिबंधित आणि त्यापुढचा 200 मीटरचा नियंत्रित धरला जातो. डोंगराचं रान वनखात्याचं. राखीव वनात आग लावणं, झाड तोडणं, गुरं चारणं, दगड-मुरूम काढणं हे सगळं 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 26 खाली गुन्हा आहे. तिथली जमीन खणायलाही परवानगी लागते, मग खड्डा झाडासाठी का असेना. वनरक्षक तुमच्यावर डूख धरून बोललेला नाही.

आता झाडांकडे येऊ. इथे बहुतेक जण दुखावले जातात, पण बोललं पाहिजे.

नाशिक शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. तासाभराच्या अंतरावरच्या त्र्यंबकेश्वरात तोच दोन हजारांच्या पुढे जातो. म्हणजे त्र्यंबक-इगतपुरीकडचं जंगल डोळ्यांसमोर ठेवून पांडवलेणीच्या, म्हसरूळच्या किंवा सातपूरच्या टेकडीकडे बघणं चूक आहे. या टेकड्यांचा मूळ पोशाख विरळ झाडांचा आणि भरपूर गवताचा: कुसळी, पवन्या, मारवेल, मध्ये मध्ये पळस, खैर, धावडा, मोई, सालई, मेडशिंगी, करवंदीच्या जाळ्या. उन्हाळ्यात हे रान पिवळं पडतं आणि आपल्याला ‘उजाड’ दिसतं. ते उजाड नसतं. चंडोल, तितर, लावे जमिनीवर घरटी करतात ती याच गवतात. रातवा तर घरटंही करत नाही, पाचोळ्यावर उघडीच अंडी घालतो. येवल्याजवळचं ममदापूरचं संवर्धन राखीव काळविटांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे काळवीट टिकलंय ते गवताळ माळ राहिला म्हणून. त्या माळावर कोणी दाट झाडं लावली तर काळवीट जाईल.

2025 च्या अखेरीस साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या वसाहतीसाठी, तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा नाशिककर पेटून उठले, आणि ते योग्यच होतं. पण झाड पडताना जसं दिसतं तसं गवत जाताना दिसत नाही. गवतावर खड्डे पडले तर कोणी आंदोलन करत नाही, उलट टोप्या घालून फोटो काढतात.

खड्डा पडताना काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. उतारावर पळसाची टीचभर उंचीची, दोन-तीन पानांची रोपं दिसतात. ती यंदाची वाटतात, पण तशी नसतात. दरवर्षी वणव्यात त्यांचा वरचा भाग जळतो आणि पावसाळ्यात ती खालून पुन्हा फुटतात. वर बोटाएवढी काडी, खाली मनगटाएवढं मूळ. असं मूळ कित्येक वर्षांचं असू शकतं. साग, धावडा यांचंही बऱ्याच ठिकाणी तसंच असतं. ओळीने दोन बाय दोनचा खड्डा घ्यायचा म्हणून श्रमदानात जागा साफ केली जाते, तेव्हा ही ‘झुडपं’ पहिल्यांदा उपटली जातात. म्हणजे स्वतःच्या बळावर उभं राहू शकणारं, या मातीतलं, वर्षानुवर्षं तग धरलेलं झाड काढून तिथे नर्सरीतलं पिशवीतलं रोप लावायचं, आणि मग त्याला उन्हाळाभर बाटलीने पाणी पाजायचं. ती बाटली बहुतेक वेळा तिथेच राहते, तो वेगळा मुद्दा.

वड-पिंपळ लावायची हौस सगळ्यांना असते. वड-पिंपळाचं माहात्म्य कोण नाकारतंय? पण मुरमाच्या चढावर ते खुरटतात, आणि त्यांची जागा गावात, नदीकाठी, रस्त्याच्या कडेला आहे. वृक्षदानाची आवड तशी याच डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वी कोरून ठेवलीय. लेणी क्रमांक 10 मधल्या शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने 32,000 नारळाची झाडं दान दिल्याची नोंद आहे. ती झाडं नानंगोल नावाच्या गावची होती. त्याने ती या डोंगरावर आणून लावली नाहीत, एवढं व्यवहारज्ञान त्याच्याकडे होतं.

मागे कधीतरी सरकारी हौसेनेही असंच झालं. लवकर हिरवं दिसावं म्हणून नाशिकच काय, महाराष्ट्रातल्या कितीतरी टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं गेलं. मध्य अमेरिकेतलं झाड. फेब्रुवारीत गुलाबी फुलतं तेव्हा लोक कौतुकाने फोटो काढतात. गुरं-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते वाचतं आणि पसरतं. त्याच्या दाट सावलीत आपली गवतं येत नाहीत. उन्हाळ्यात पानं झडून खाली जाड थर साचतो आणि वणव्याला आयतं सरपण मिळतं. तोडलं की बुंध्यातून चार फांद्या फुटतात. घाणेरीचं (लँटानाचं) दुखणं थोडं वेगळं आहे. तिची फळं बुलबुल खातात आणि बी सगळीकडे टाकतात. वाटेच्या कडेची माती उकरली गेलेली असते, ऊन पोचतं, तिथेच ती आधी रुजते. म्हणून घाणेरी कुठून आत शिरली हे शोधायचं असेल तर पायवाटा बघायच्या. डेब्रिजबरोबर आलेलं गाजरगवतही तसंच.

वणव्याबद्दल दोन शब्द. गवताळ रानात आग कधीच लागू नये असं मी म्हणणार नाही. गवताचे कोंब जमिनीलगत असतात आणि एखाद्या वर्षीची आग ते सोसतात. रोपं सोसत नाहीत, आणि दरवर्षीची आग कोणीच सोसत नाही. वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतं, त्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवताचे पट्टे मोकळे करतं. शहराजवळच्या टेकड्यांवर बहुतेक आगी माणसानेच लावलेल्या असतात: विडी-सिगारेटचं थोटूक, पार्टीची शेकोटी, कचरा पेटवणं, ‘जळलं की नवं गवत चांगलं येतं’ म्हणून मुद्दाम लावलेली काडी. आग विझते, पण उघड्या पडलेल्या उतारावर जूनचा पहिला पाऊस थेट मातीवर आदळतो, आणि ती माती वाटांच्या ओघळांतून खाली जाते. वाट, गिरिपुष्प, वणवा ही तीन दुखणी वेगळी दिसतात पण एकमेकांना खतपाणी घालतात.

दाणे आणि बिस्किटांचा भाग मी वगळला असता, पण तुम्ही तो सहज लिहिलाय, जणू त्यात काही वावगं नाहीच. कुत्र्यांचं आधी सांगतो. पायथ्याला रोज बिस्किटं मिळाली की कुत्र्यांची टोळी तिथेच राहते, आणि बिस्किटाने पोट भरत नाही म्हणून पहाटे रानात शिरते. ससा, घोरपड, मुंगूस, लांडोरीची पिल्लं, जमिनीवरची अंडी, काहीच सोडत नाही. कुत्र्यांचे आजार रानातल्या प्राण्यांना लागतात. 2018 साली गीरमध्ये सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू सापडला होता. आणि जिथे कुत्री जमतात तिथे बिबट्या येतो. नाशिकला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. गोदावरी-दारणाकाठच्या उसातून आणि मळ्यांतून कॉलनीपर्यंत बिबट्या आल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. बिबट्या पायथ्याला दिसला की पिंजरा लावा म्हणून निवेदन देणारे आणि सकाळी कुत्र्यांना खाऊ घालणारे कधी कधी तेच असतात.

मोर किडे, सरडे, साप, कोवळे कोंब, बिया असं सगळं खातो. दाणे टाकले की तो वाटेवर, माणसांत येतो, आणि कुत्र्यांच्या तोंडी सापडतो. दाण्यांवर कबुतरांचे थवे उतरतात ते निराळेच. उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या घमेल्यात पाणी ठेवतात तेही वाटेजवळ नको. वनखात्याचे पाणवठे असतात, त्यांत पाणी पडेल असं बघितलं तर जास्त उपयोग.

बाकीचं भराभर सांगतो, कारण ते तुम्हालाही माहीत आहे. प्री-वेडिंगवाले रंगीत धुराच्या नळकांड्या फोडतात. ब्लूटूथ स्पीकर पहाटे साडेपाचला सुरू होतो, नेमका पक्षी बोलायच्या वेळी. ड्रोन कड्यावरच्या घरट्यांजवळ नेतात. कुठेतरी एका दगडाला शेंदूर लागतो, वर्षभरात चौथरा होतो, मग पत्र्याचं शेड, मग पाण्याची टाकी, मग वीज मागतात आणि शेवटी गाडी वर जाईल असा रस्ता. यात प्रत्येक पायरी कोणाच्या तरी श्रद्धेची असते म्हणून कोणी बोलत नाही, आणि रस्ता झाल्यावर बोलून उपयोग नसतो.

डंपरचं म्हणाल तर तुम्ही शंभर टक्के बरोबर. पाडकामाचा मलबा कुठे टाकायचा, याचे देशात 2016 पासून स्वतंत्र नियम आहेत. मलबा नाल्याच्या तोंडाशी पडला की डोंगराचं पाणी भलतीकडे वळतं. सिमेंट-चुन्याने मातीचा पोतच बदलतो. मुरमासाठी पायथा पोखरणं त्याहून वाईट, कारण पायथा गेला की वरचा उतार पावसाळ्यात खाली येतो, आणि तो कोणी परत बांधून देऊ शकत नाही. या लढाईत तुमच्यासारखा रोज जाणारा ग्रुप सोन्यासारखा आहे. गाडीचा नंबर, वेळ, जागेचा फोटो हे वनरक्षकाला एकट्याला मिळत नाही. त्याच्याकडे बीट, म्हणजे राखायचा भाग, मोठं असतं आणि रात्री तो एकाच ठिकाणी उभा राहू शकत नाही. वनखात्याचा 1926 हा हेल्पलाइन नंबर मोबाइलमध्ये ठेवा.

आता बोरगडचं उदाहरण, कारण ‘लोकांना बाहेर ठेवलं की जंगल वाचतं’ असंही मला म्हणायचं नाही. दिंडोरी-पेठच्या बाजूला, रामशेजच्या शेजारचा हा डोंगर 2008 साली संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला, राज्यातला पहिला. क्षेत्र लहान, साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपास. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद आहे. अभयारण्यासारखी सगळी दारं तिथे बंद होत नाहीत, आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे लोकही बसतात. जिथे गावांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली तिथे फरक पडला. गवत कापून न्यायला हरकत नाही, गुरं सोडायची नाहीत, एवढ्या एका नियमाने उतार बदलतो. कापलेल्या गवतामुळे वणव्याचं जळणही कमी होतं, म्हणजे कापणाऱ्याचा फायदा आणि डोंगराचाही. शहरातून आलेला माणूस मात्र वाळलेल्या लाकडाची मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला आधी नावं ठेवतो. सरपणाचा ताण असतोच, मी तो नाकारत नाही. पण ती बाई कुठल्या झाडाला हात लावायचा नाही हे जाणते, आषाढात वाघाटी कुठे मिळते हे तिला माहीत असतं, आणि ती शॉर्टकट मारत नाही, कारण डोक्यावर ओझं असताना सरळ उतारावरून उतरता येत नाही.

मग तुम्ही काय करायचं? मागची वाट सोडा, हे पहिलं. पायऱ्यांनी जा. गर्दी टाळायची असेल तर पंधरा मिनिटं लवकर निघा. मागच्या वाटेवर वनखात्याच्या परवानगीने दगडांचे आडवे बांध घालता येतात, म्हणजे ओघळात माती अडते. ओघळाच्या वरच्या टोकापासून सुरुवात करायची, खालून नाही. खालून बांधत गेलात तर पहिल्या मोठ्या पावसात वरचं पाणी सगळे बांध घेऊन जातं. मोठे दगड खाली, मध्ये थोडा खोलगटपणा ठेवायचा, म्हणजे पाणी कडेने न फुटता मधून जातं. शेजारचे दगड उपटून वापरायचे नाहीत, त्यांच्याखाली विंचू-पाली राहतात आणि ते दगडही माती धरून असतात. ओघळात पडलेलेच वापरा. वाटेच्या तोंडावर काटेरी फांद्या टाका. दोन पावसाळ्यांत गवत स्वतःहून येतं, बी टाकायचीही गरज पडत नाही.

लावायची हौस असेल तर ती जपायला वळवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गवत उंच असताना, डोंगरावरची आपोआप आलेली पळस-खैर-धावड्याची रोपं शोधा आणि शेजारी खुणेची काठी लावा. भोवतीची घाणेरी उपटा. लहान असताना मुळासकट येते, पावसाने माती मऊ असते तेव्हाच. डिसेंबरात प्रत्येक रोपाभोवती हातभर गवत कापून टाका, म्हणजे आग आली तरी ज्वाळा कमी लागते. सलग चार-पाच वर्षं आगीतून वाचलं की त्या मनगटाएवढ्या मुळातून खोड झपाट्याने वर जातं. पिशवीतलं रोप त्या शर्यतीत कुठेच नसतं. गिरिपुष्प मात्र स्वतःच्या मनाने तोडू नका. ते वनखात्यानेच टप्प्याटप्प्याने काढायचं असतं, एकदम मोकळं केलं तर त्या जागी घाणेरी येते.

अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे करा, शक्यतो गणपती झाल्यावर लगेच, म्हणजे ऑक्टोबरचं काम चुकत नाही. त्यात ‘वृक्षारोपण’ हा शब्द घालू नका, नाहीतर तुम्हाला रोपं आणि खड्ड्यांची जागा दाखवून मोकळे होतील. ‘नैसर्गिक पुनरुत्पादन जपणे, तण काढणे, ओघळ नियंत्रण’ असं स्पष्ट लिहा. सोबत वाटेचा हाताने काढलेला नकाशा आणि ओघळांचे फोटो जोडा, ज्या वनरक्षकाने तुम्हाला अडवलं त्याला घेऊन एकदा जागा बघा, आणि कामाच्या दिवशी त्याला बोलवा. डेब्रिज वनजमिनीवर पडलं असेल तर त्याची तक्रार याच कार्यालयात, पण वेगळ्या कागदावर द्या. रस्त्याकडेला किंवा महापालिकेच्या जागेत पडलं असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.